जाड पट्टी, पातळ पाइप

मित्रांनो, कोपऱ्यात गोणपाट पांघरून बसलेलं जुनं वेल्डिंग मशीन म्हणजे मी. पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी, डोक्यावर करंट कमी-जास्त करायचं हँडल.

मिस्त्रींनी मला या वर्कशॉपमध्ये आणलं तेव्हा त्यांच्या मिश्या काळ्याभोर होत्या. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, शाळेची बाकं... किती काय जोडलं आम्ही! पुढे त्यांची लेकही डोळ्यांपुढे काळी काच धरून माझ्याजवळ बसू लागली. तिचा हात वडिलांपेक्षा सुबक.

तिचं बाळ धरून धरून उभं राहायला लागलं, तसा तिच्या जिवाला घोर लागला. घर दुसऱ्या मजल्यावर आणि गॅलरीचा कठडा गंजलेला. नवा कठडा तिनं स्वतःच करायला घेतला. खाली बोटभर जाडीची पोलादी पट्टी, त्यावर उभे पातळ पाइप. पाइपला भोक पडेल या धास्तीनं तिनं माझं हँडल कमीवर ठेवलं. जोड मात्र असे देखणे उतरले, की येणारा-जाणारा थांबून बघे.

"रंग मारू ना, बाबा?"

"थांब." मिस्त्रींनी हातोडा उचलला.

"अहो, ठोकताय काय! चार दिवस खपलेय मी!"

एकाच घावात पाइप पट्टीवरून सुटून आला. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मग रागानं म्हणाली, "हे खटारं धड करंटच देत नाही!"

फार लागलं मला ते.

"त्याला कशाला बोल लावतेस? तू मागितलास तेवढा दिला त्यानं," मिस्त्री म्हणाले. "पट्टी बघ. नुसता घाम फुटलाय तिला, वितळलीय कुठं? जाड लोखंड सगळी धग पिऊन टाकतं, बाई. पातळ बिचारं लगेच जळतं. करंट वाढव, पण जाळ धर पट्टीवर. पाइपला नुसता चाटून जाऊ दे."

लेकीनं सगळे जोड घासून काढले, हँडल फिरवलं आणि ती पुन्हा बसली. पहिल्या पाइपला भोक पडलंच; तो टाकून दुसरा घेतला. शेवटी तिनं स्वतःच एकेका जोडावर हातोडा हाणला. कठडा खणखणला, पण हलला नाही. मग त्यावर सगळा भार टाकून बघितला आणि हळूच डोळे पुसले.

आता हलकं, नवं मशीन आलंय. ते खांद्याला अडकवून लेक कामावर जाते. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मित्रांनो, माझं मागणं एवढंच. ज्या जोडावर माणूस टेकणार, त्याची नुसती चकाकी बघू नका. जाड किती, पातळ किती, तेही बघा. आणि आपलं काम कुणी तोडून दाखवलं तर रुसू नका. त्या दिवशी मिस्त्री गप्प बसले असते, तर तो कठडा बाळानंच तपासला असता.