फक्त वाचण्यापुरती

मंगळवारी सकाळी साडेअकराला माझी बायको हेमलता ऑफिसच्या सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये गेली. एका नकाशातली हद्द दुरुस्त करायची होती. आम्ही दोघंही नकाशा विभागातच नोकरीला आहोत. जेवणाच्या सुट्टीतही ती परतली नाही, तेव्हा मी माझ्या कॉम्प्युटरवरून तो फोल्डर उघडला. यादीत सगळ्यात खाली तिच्या नावाची फाइल होती.

आत एकच ओळ होती. ‘अहो, इथून दार दिसत नाही.’

‘मी आलोय,’ असं मी टाइप केलं. अक्षरं उमटली नाहीत.

सर्व्हर सांभाळणारे खैरमोडे वरच्या मजल्यावरून आले. चष्मा पुसून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"तुम्हाला फक्त वाचायची परवानगी आहे."

"माझी बायको आहे हो ती!"

"वहिनींना ओळखतो ना मी. लिहायची परवानगी हवी तर अर्ज द्या."

"कुठे देऊ?"

"याच फोल्डरमध्ये टाका."

अर्ज आत जाईना. तीन वेळा टाकला, तीन वेळा परत आला.

दुपारपासून फाइल लहान होत गेली. ती जितकी लहान होई, तितकी माझ्यामागची भिंत पुढे सरके. हेमलता लिहीत होती, पण आधी अनुस्वार गळाले, मग वेलांट्या, मग काने-मात्रा. ‘अहो, इथं थंडी आहे’ याचं ‘अह, इथ थड आह’ झालं. मी ते मोठ्यानं वाचत राहिलो. दुसरं काहीच मला करता येत नव्हतं.

साडेचारला मी खैरमोड्यांचा हात धरला.

"काहीही करा. तिला बाहेर काढा."

"काढतो की. पण फाइल कुणीतरी उघडून ठेवली आहे. ती बंद झाल्याशिवाय मला हलवता येत नाही."

"कुणी उघडलीय?"

त्यांनी यादी पाहिली. "तुम्ही."

"बंद केली तर ती मला पुन्हा दिसेल?"

"ते नाही सांगता येत. पाचला सर्व्हर बंद होतो, एवढं नक्की."

मी फाइल उघडीच ठेवली. पाचला चार मिनिटं उरली. भिंत पाठीला टेकली होती, टेबलाची कड पोटात रुतत होती. मी माउसचा बाण फाइल बंद करायच्या फुलीवर नेला. तेवढ्यात ओळ आली. ‘जऊ नक.’

"बंद करा," खैरमोडे म्हणाले.

मी बटण दाबलं नाही, बोट उचललंही नाही. त्या ओळीखाली आणखी एक अक्षर उमटायला लागलं. त्याचा उभा दंड हळूहळू खाली उतरत होता.