यंत्राच्या पोटातलं कुंकू

पांढऱ्या गोळीवर तांबडा ठिपका होता, मोहरीहूनही बारीक. हेमालीने आधी भिंग पुसलं, मग चष्मा पुसला, मग दुसरी गोळी उचलली. चांगली बातमी माणूस लगेच खरी मानतो. वाईट बातमी मात्र पुन्हा पुन्हा निरखत बसतो, जशी काही ती आपल्या बघण्याने बदलणार आहे. ती बदलली नाही. ट्रेमधल्या पुढच्या मूठभर गोळ्यांत आणखी ठिपके निघाले.

भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोदामांच्या रांगेमागे ही औषधांची लहानशी कंपनी, आणि हेमाली तिथल्या तपासणी लॅबमधली केमिस्ट. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब उतरवणाऱ्या गोळीची ही बॅच होती. मुंबईच्या एका मुलांच्या हॉस्पिटलातला साठा संपत आला होता, तिथून रोज फोन येत होते, आणि मॅनेजर मिहिर सर सकाळपासून लॅबच्या दारात डोकावून जात होते.

ठिपका मशीनच्या गंजाचा असेल अशी तिची आशा होती. तिने त्यावर पाण्याचा थेंब सोडला. गंज पाण्यात असा गुलाबी पसरत नाही. घराघरातल्या देव्हाऱ्यापुढे, ताटात, पदराच्या टोकाला हा रंग असा पसरलेला तिने लहानपणापासून पाहिला होता. ते कुंकू होतं. नुकताच दसरा होऊन गेला होता, आणि गोळ्या दाबणाऱ्या त्या मशीनवर लडकूकाका होता.

लडकूकाका हा तिच्या बापाचा धाकटा भाऊ, शेलार गावात राहणारा. उभं आयुष्य त्याने भिवंडीत कापड विणणारे लूम दुरुस्त करण्यात घालवलं. मग शेठने लूम भंगारात काढले आणि काका घरी बसला. कामाचा माणूस घरी बसला की घराला जड होतो आणि स्वतःला त्याहून जड होतो. तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हायवेवरच्या ट्रॅफिकची माहिती देऊ लागला, तेव्हा हेमालीने मिहिर सरांकडे शब्द टाकला. हात कसबी होता. मशीन शिकायला त्याला वेळ लागला नाही. निळा ड्रेस, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. काकी म्हणाली, "ऑपरेशन करायला चाल्ला वाटतो." पण बोलताना ती हसत होती, आणि त्या घरात बऱ्याच काळाने कुणी हसलं होतं.

पुढे गावात कुणीतरी मोबाइलवर गोळीचं नाव शोधून काढलं. हेच औषध पुरुषांच्या निराळ्या दुखण्यावरही देतात. झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. लडकू तसल्या गोळ्या बनवतो, दोन आमच्यासाठी आण, वगैरे. काका चारचौघांत मान खाली घालून बसू लागला. एक दिवस तो हेमालीला म्हणाला, "पोरी, मी काम सोडतो. या वयाला ही शोभा नको."

हेमालीला त्याची फार दया आली. तिने त्याला समोर बसवून सांगितलं. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींना "आता सैल व्हा" असा निरोप देणारा एक पदार्थ शरीर बनवतं, त्याला सायक्लिक जीएमपी म्हणतात. निरोप पोचला की त्या पदार्थाला खाऊन टाकणारं एक एन्झाइमही तिथेच असतं. काही मुलांच्या फुप्फुसातल्या नळ्या जन्मापासून आवळलेल्या राहतात. निरोप पुरत नाही, रक्त पुढे सरकत नाही, चार पावलं चाललं की ओठ निळे पडतात. आपली गोळी त्या खाणाऱ्याला धरून ठेवते, मग निरोप टिकतो आणि नळ्या सैल होतात.

काका म्हणाला, "म्हंजी निरोप्या जिता ऱ्हातो."

"हो. आणि पोर श्वास घेतं."

"आनि ती गोली माझ्या मशीनवर व्हते?"

त्यानंतर काकाने काम सोडण्याचं नाव काढलं नाही. गावात कुणी चावटपणा केला तर तो त्याला निळ्या ओठांच्या पोरांची गोष्ट ऐकवी, आणि तीही अशी की ऐकणाऱ्यालाच शरम वाटावी. हेमालीला आपल्या शिकण्याचा त्या वेळी किती अभिमान वाटला होता.

आता ती पायांत कव्हर, डोक्यावर टोपी चढवून मशीनच्या खोलीत शिरली. ठिपके कुंकवाचे आहेत हे कळताच तिने मिहिर सरांना कळवलं होतं आणि मशीन थांबवायला सांगितलं होतं. काका एकटाच होता, मशीनला टेकून नाही, मशीनसमोर दरवान उभा राहावा तसा उभा होता.

"काका, मशीनचं कव्हर उघड."

"आत काय हाय? मी साफ केलंय ना."

"उघड म्हणते ना."

तो हलला नाही, तेव्हा तिनेच कव्हर उघडलं. आत, जिथून पावडर साच्यात उतरते त्याच्या बरोबर वरच्या अंगाला, अंगठ्याने ओढलेला कुंकवाचा उभा टिळा होता. वरचा भाग शाबूत होता. खालचा झडून गेला होता, आणि तो कुठे गेला हे हेमालीने लॅबमध्ये पाहिलेलं होतं.

"कसं आणलंस आत? इथे तर खिसासुद्धा नसतो."

काकाने अंगठा वर केला. "घरनंच माखून आनला. वरनं हातमोजा घातला."

नियम त्याला माहीत होता, म्हणूनच तर हातमोजा. पण लूमवर असताना एकही दसरा मशीनला हळदकुंकू लावल्याशिवाय गेला नव्हता. इथे ऑफिसात मोठी पूजा झाली, पेढे वाटले, मिहिर सरांच्या गाडीला झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबूसुद्धा झालं. मशीनला तेवढं काही नाही. "लोकांच्या गाडीला हार, आनि पोरांना जीव देनाऱ्या मशीनला नुसता स्पिरीटचा फडका?" काका म्हणाला. "मला ते बरा न्हाय वाटला. वरनं लावला असता तर दिसला असता. म्हनून आत लावला."

बाहेर लावलं असतं तर पुसून टाकलं असतं आणि काका बोलणी खाऊन सुटला असता. कुणाला दिसू नये म्हणून त्याने नेमकी तीच जागा निवडली, जिथून ते गोळ्यांत उतरावं. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं म्हणून हसायचीही सोय नव्हती. बाजारच्या कुंकवात कसला रंग असतो, शिसं असतं की नाही, कोण सांगणार? आणि गोळी खाणारी ती पोरं आधीच श्वासाला महाग.

ती हे बोलत होती तेवढ्यात काकाने फडका घेतला आणि टिळा पुसून टाकला. दोन हातांत सगळं लख्ख.

"आता काय न्हाय," तो म्हणाला. "तू पाह्यलंस, मी पाह्यलं. तिसरा कोन न्हाय. हेमा, मला परत त्या ओट्यावर नको बसवूस."

हेमालीला त्याचा राग आला होता, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. ती बाहेर पडली.

मिहिर सरांच्या केबिनमध्ये तोवर निकाल लागून गेला होता. टेबलासमोर सफाईचं काम करणारी पार्वतीबाई उभी होती, आणि सर तिच्या कपाळाकडे बोट करत होते.

"एवढं ठसठशीत कुंकू लावून येते ही. तेच पडलं. दुसरं काय असणार? हिला आजपासून बंद. आणि हेमाली, कपाळावरून पडलं म्हणजे फार तर थोड्या गोळ्या खराब. चार माणसं बसव, ठिपकेवाल्या निवडून काढ, बाकीची बॅच पुढे जाऊ दे. हॉस्पिटलवाले थांबलेत."

"साहेब, मी गेटवरच पुसते ओ," पार्वतीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "रोज पुसते. नवरा जिता असताना रोज कपाल पुसून आत येते मी. सासू त्याच्यावरनं रोज बोलते, तरी पुसते. सुटले का बाहेर जाऊन लावते. तुम्ही बगता ते जातानाचा असतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि फाशीचा दोर हेमालीच्या हातात होता. तिने मान डोलावली की सगळं मार्गी लागत होतं. काका मशीनवर राहत होता, बॅच वेळेवर जात होती, मिहिर सर खूश होते. पार्वतीबाईला कुठल्यातरी गोदामात झाडू मारायचं काम मिळालंही असतं. या विचाराची हेमालीला स्वतःचीच किळस आली. नियमासाठी रोज जिवावर दगड ठेवून कपाळ पुसणारी बाई बाहेर, आणि नियम हातमोज्यात लपवणारा आत, कारण तो आपला काका!

"सर, कुंकू हिचं नाही. मशीनच्या आत लावलेलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"कुणी लावलं?"

"लडकूकाकांनी. माझ्या काकांनी."

मिहिर सर खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नव्हता. हॉस्पिटल आणि मालक, दोन्हीकडून फोन येणाऱ्या माणसाची जी गत असते ती त्याची झाली होती. "तुला कळतंय ना तू काय बोलतेस? मशीनच्या आत म्हणजे अख्खी बॅच जाते."

"दिसणारं निवडून काढता येईल, सर. पावडरीत मिसळून दाबलं गेलं ते कसं काढायचं?"

सरांनी डोळे मिटले आणि उघडले. मग त्यांनी पार्वतीबाईला जायला सांगितलं आणि काकाला बोलावणं धाडलं. पार्वतीबाई हेमालीजवळून गेली, पण तिच्याकडे बघितलं नाही. आभार मानावेत असं तिच्यावर कुणी काही उपकार केलेलेच नव्हते.

काकाने नाकारलं नाही. सरांनी विचारलं, त्याने हो म्हटलं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी तो घरचे कपडे घालून, डबा हातात घेऊन गेटवर आला. डबा तसाच भरलेला होता. हेमाली धावत मागून आली. काय बोलायचं ते तिने जिन्यावरच जुळवलं होतं. दुसरीकडे काम बघू, माझ्या ओळखीत कुणीतरी असेल, काकीशी मी बोलते.

काकाने ते काही विचारलंच नाही.

"सगली बॅच टाकनार?"

"हो."

"मंग त्या पोरांना आता काय देतील?"

"नवीन बॅच करायला घेतील, काका. तोवर हॉस्पिटलवाले दुसरीकडून बघतील."

"मिलंल दुसरीकडं?"

"माहीत नाही."

काकाने मान हलवली. ऊन तळपत होतं, गोदामाकडे वळणारा एक ट्रेलर गेटसमोर अडून हॉर्न वाजवत होता. तो निघून जाईपर्यंत काका थांबला.

"काम गेला त्याचा मी काय बोलत न्हाय," तो म्हणाला. "पन त्या पोरांचं मला कशाला सांगितलंस? न्हाय सांगितलं असतंस, तर मी नुसता मशीन चालवला असता."

आणि तो रस्ता ओलांडून रिक्षाच्या थांब्याकडे गेला. जिन्यावर जुळवलेलं सगळं हेमालीच्या तोंडात तसंच राहिलं. आत मशीन सुटं करून धुवायला घेतलं होतं आणि धुतल्यानंतरचा नमुना तिलाच तपासायचा होता. ती परत आत गेली. जाताना तिला एवढंच कळत होतं की काका शेवटी बोलला ते खोटं नव्हतं: त्या पोरांची गोष्ट ऐकूनच ते मशीन त्याला पूजेचं वाटलं होतं.