छापखान्याच्या गल्लीतले बारा फॉर्म

सरकारने देशभर रोजगाराची पाहणी हाती घेतली, तेव्हा ती त्यात प्रगणक होती. दारोदार जायचं, मागच्या आठवड्यात काय काम केलंत ते विचारायचं, फॉर्म भरायचा. बेकारी घटल्याचं मंत्र्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. तिच्या वाट्याच्या गल्लीतही तसंच दिसत होतं. बारा घरं झाली, बाराही पुरुष कामावर.

तेराव्या घरी एक यंत्रचालक बनियनवर बसला होता.

"छापखान्यात होतो," तो म्हणाला. "चार महिने झाले बंद पडून. गल्लीतले निम्मे तिथलेच. सकाळी डबा घेऊन निघतात आणि नदीकाठी जाऊन बसतात. मला नाही ते सोंग जमत."

तिचं पेन थांबलं. तिचा धाकटा भाऊ त्याच छापखान्यात बाइंडर होता. आज सकाळी तिनेच त्याचा डबा भरला होता.

उरलेली घरं तिने कशीबशी उरकली. कचेरीत जाऊन पर्यवेक्षकांना सांगितलं की बारापैकी बरेच फॉर्म खोटे असावेत, लोक लाजेपोटी लपवतात. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, की लोक बोलतील तेच लिहायचं. लाजेला फॉर्मात रकाना नाही.

ती तडक नदीकाठी गेली. भाऊ एका बाकावर जुनं वर्तमानपत्र घेऊन बसला होता. तिला पाहून उठला, पुन्हा बसला. आईला सांगितलंस का, एवढंच त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचे खांदे सैल पडले. तिला त्याचा राग येत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. उद्या माझ्याबरोबर त्या बारा घरांत चल, ती म्हणाली.

"तोंड कसं दाखवू ताई?"

"सगळे हेच म्हणून गप्प बसलेत. म्हणून वर सगळं आलबेल आहे."

सकाळी सातला, माणसं निघायच्या आत, दोघं गल्लीत पोचली. पहिल्या दारात उभा असलेला माणूस भावाला ओळखत होता. त्याची नजर चुकवू लागला.

"दादा, मीही बसूनच आहे," भाऊ म्हणाला. "आता लपवायचा कंटाळा आला."

माणसाने घाबरून मागे पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "लिहा हो बाई."

बारापैकी नऊ फॉर्म बदलले. पर्यवेक्षक भडकले, भावाला बरोबर नेल्याबद्दल तिला बोल लावला आणि फेरतपासणीला स्वतः आले. तीन घरं फिरले, तिन्हीकडे तेच ऐकलं. चौथ्या घराच्या जिन्यात बसले आणि नऊही फॉर्मांवर सही केली. महिन्याभराने मंत्र्यांनी बेकारी घटल्याचं पुन्हा सांगितलं. देशाच्या आकड्यात नऊ माणसं कुठे दिसणार.

भावाने मात्र फॉर्म बदलले त्याच संध्याकाळी आईला सांगून टाकलं.  नदीकाठी उन्हात सावली तरी मिळायची का, एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो सवयीने लवकर उठला, अंघोळ केली, कपडे घातले. आठ वाजले तसा दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागला. आईने दोनदा "बस" म्हटलं. तो बसला नाही.