न निसवलेला भात

मावळातल्या गावांतून भाताचे जुने वाण गोळा करायचे आणि संशोधनासाठी त्यांचं बियाणं जपायचं, हे मैत्रीच्या संस्थेचं काम. बियाणं चाकणला एका भाड्याच्या शीतगृहात असे. उन्हाळ्यात तिथली वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि पाकिटं उबून गेली. बहुतेक वाणांचं बी दुसरीकडेही ठेवलेलं होतं. राखसाळचं मात्र नव्हतं. ओल्या कागदात घालून पाहिलं तेव्हा त्याच्या मोजक्याच दाण्यांना मोड आले.

ती रोपं घेऊन मैत्री मारुंजीला रुक्मिणीबाईंकडे गेली. राखसाळचं मूळ बी त्यांच्या नवऱ्याने, चिमाजींनी दिलेलं. ते आता नव्हते. भाताचं खाचर एकच उरलं होतं, आणि त्याच्या तिन्ही अंगांनी आयटीवाल्यांसाठी भाड्याच्या इमारती उठल्या होत्या. रुक्मिणीबाईंनी आपल्या इंद्रायणी भाताशेजारी एक कोपरा दिला.

पावसाळा चांगला गेला. दसऱ्यानंतर इंद्रायणी दाण्यांनी वाकली. राखसाळ मात्र ताठ उभा होता, हिरवागार, एकही लोंबी नसलेला. रुक्मिणीबाई त्या कोपऱ्याकडे जाईनाशा झाल्या.

"दसऱ्याला ह्यो निसवल्याबिगर कधी राह्यला न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्ये काय बरं लक्षण न्हाई, पोरी."

मैत्रीने भाताचं एक ताट नखाने चिरलं. पोटरीत, म्हणजे लोंबी धरते त्या फुगीर भागात, काहीच नव्हतं. रोग नव्हता, कीड नव्हती. संध्याकाळी ती बांधावर बसून राहिली. सूर्य मावळला, आणि थोड्या वेळाने तिची सावली भातावर पडलेली तिला दिसली. तिने मागे वळून पाहिलं. चौथ्या बाजूच्या बांधकामावरचा मोठा दिवा लागला होता.

जुना भात रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखतो. रात्र वाढली की निसवतो, लोंब्या बाहेर टाकतो. या भाताला रात्र मिळालीच नव्हती. त्याच्या लेखी अजून आषाढच चालू होता.

ती साइटवरच्या सुपरवायझरला, सुजितला, जाऊन भेटली. लातूरकडचा तो पोरगा घरच्या शेतीतूनच आलेला होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, पण दिवा बंद करणं त्याच्या हातात नव्हतं. अंधारात एखादा मजूर वरून पडला तर काय, असं त्याने विचारलं. निघताना त्याने तिला काळी ताडपत्री दिली.

मग रोज दिवेलागणीला मैत्री पिंपळे गुरवच्या आपल्या घरून यायची आणि बांबूंवर ताडपत्री टाकून भात झाकायची. सकाळी रुक्मिणीबाई ती काढायच्या.

"झाकलेलं बघवत न्हाई मला," एकदा त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांच्या अंगावर चादर टाकली व्हती, तसंच दिसतंय." तरी त्यांचा एक दिवसही खाडा झाला नाही.

मार्गशीर्षात लोंब्या बाहेर आल्या. रुक्मिणीबाईंनी पदराने डोळे पुसले. पण तोवर थंडी पडली होती. दिवस गेले तरी लोंब्या वाकेनात. मैत्रीने एकेक दाणा बोटांत दाबून पाहिला. आत नुसती हवा. इमारतीच्या भिंतीलगत ऊब धरून राहिलेल्या चार-दोन ताटांतच दाणा भरला होता. सगळं मिळून ओंजळही झाली नाही.

हे बी वाढवायला पुढच्या पावसाळ्यात लावायलाच हवं होतं. त्या जागी आता नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. रुक्मिणीबाईंच्या मुलाने, धनेशने, खाचर बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं.

मैत्री अंधार शोधत हिंडू लागली. संध्याकाळी स्कूटर घेऊन निघायची आणि लांब लांब जायची. प्रत्येक गावापलीकडे आभाळाच्या कडेला तो पिवळट उजेड असायचाच, कुठे कारखान्याचा, कुठे टोलनाक्याचा.

शेवटी डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत भीमराज नावाच्या शेतकऱ्याने खाचर द्यायचं कबूल केलं. तिथे सूर्य बुडाला तसा खरोखर काळोख झाला. मैत्रीला आपलाच हात दिसेना. कित्येक महिन्यांनी तिला मोकळं वाटलं.

परतताना भीमराजने टॉर्च पेटवला. रस्त्याकडेला गवतात लोखंडी खांब ओळीने आडवे पडले होते, नवेकोरे.

"पावसाच्या आत उभं राह्यत्यात," तो कौतुकाने म्हणाला. "लय वर्षं दिव्यांची मागणी व्हती आमची."

"कुठपर्यंत आहेत?" मैत्रीने विचारलं.

त्याने टॉर्चचा झोत पुढे टाकला. झोत संपला तिथेही खांब संपले नव्हते.

"पार वरपर्यंत," तो म्हणाला.