भाजलेल्या पावाला साखर

एलेउतेरिओभावोजी काहीही बोलले की त्यातलं अर्धं मी लगेच वजा करते. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी तपासते. माझी बहीण होर्तेन्सिया हयात होती तोवर हे काम तिच्याकडे होतं. ती गेली आणि ते माझ्याकडे आलं, तिच्या कॉफीच्या भांड्यासारखं.

हवानाजवळच्या आमच्या सांतियागो दे लास वेगास गावात भावोजींच्या हातचा पाव न खाल्लेला माणूस सापडणार नाही. सरकारी बेकरी, रेशनचं पीठ, तरी यांचा पाव फुगणार म्हणजे फुगणार. "पीठ सगळ्यांना तेच मिळतं झेनाइदा, पण यीस्ट माझंच ऐकतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यातलं अर्धं खरं असावं, असं मलाही वाटायचं.

एका वर्षी त्यांच्या बुटात खिळा शिरला. मधुमेहानं पाय बधिर झालेले, त्यामुळे दिवसभर भट्टीपुढे उभे राहिले तरी त्यांना पत्ता नाही. संध्याकाळी मोजा रक्तानं चिकटलेला निघाला. पुढे जखम चिघळली, तळव्याला खड्डा पडला, कडा काळ्या पडू लागल्या. मोठ्या इस्पितळातल्या सर्जननं पाहून सांगितलं, "घोट्याच्या वरून काढावा लागेल."

भावोजी म्हणाले, "मग हातही काढा. बसून कणीक मळणारा बेकर कोणी पाहिलाय?"

तेव्हा आमच्या दवाखान्याची डॉक्टर मध्ये पडली. यानिस्लेय आमच्याच गल्लीत वाढलेली, भावोजींच्या पावावर पोसलेली. तिनं सर्जनकडून मुदत मागून घेतली आणि नवं इंजेक्शन सुरू केलं. हवानाच्या पश्चिमेकडच्या प्रयोगशाळेत आपल्याच लोकांनी तयार केलेलं. दिवसाआड टोचायचं, तेही दंडात नाही, थेट जखमेच्या तळात आणि कडांत. सुई आत गेली की भावोजी सगळ्या संतांना नावानिशी हाका मारायचे. नंतर थंडी वाजून दात वाजायचे.

"पोरी, यात काय विष घातलंय ते तरी सांग," पहिल्या दिवशी ते कण्हत म्हणाले.

"विष नाही, काका. तुमच्या शरीरात मांस भरून आणणारा एक पदार्थ असतो ना, तो. माणसाचं जनुक यीस्टमध्ये घालतात, आणि यीस्ट तो पदार्थ बनवतं."

"यीस्ट? आपलं पावाचं यीस्ट?"

"त्याच्याच जातीचं. म्हणजे तुमचे भाऊबंदच की हो!"

एवढं ऐकून कण्हणं थांबलं. घरी परत येताना चाकाच्या खुर्चीतून त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दाराला ही बातमी दिली. तिसऱ्या दारापर्यंत पोचेस्तोवर यीस्ट त्यांच्याच बेकरीतून गेलेलं होतं. पाचव्या दाराशी शास्त्रज्ञांनी त्यांचा सल्लाही घेतला होता. मी खुर्ची ढकलत होते आणि वजाबाकी करत होते.

पण औषध खोटं नव्हतं. काही आठवड्यांत खड्ड्याच्या तळाशी लालबुंद मांस दिसू लागलं, डाळिंबाच्या दाण्यांसारखं. यानिस्लेयनं मला बोलावून दाखवलं. काडेपेटीसाठी रांग लावणारा हा आमचा देश, आणि यानं कापायच्या पायात मांस भरून आणलं! त्या दिवशी मीही गल्लीत जरा ताठ चालले. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

आणि मग सगळं उलटं फिरलं. मांस फिकं पडलं, पू परत आला. बोटाला टोचून रक्त तपासलं तर साखर आभाळाला भिडलेली.

"काका, गोड खाताय?"

"होर्तेन्सियाची शपथ, जिभेला गोड लागलेलं नाही!"

"सोमवारी सर्जन येणार आहेत. अशी जखम पाहिली तर ते माझं काहीएक ऐकणार नाहीत. पाय जाईल, काका."

भावोजींचा चेहरा कच्च्या कणकेसारखा झाला. ते खोटं बोलतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. या वेळी तो बसला होता. घाबरले होते, हे खरं. पण शपथ घेताना मेलेल्या बायकोला मध्ये आणलं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी आल्यावर मी रेशनच्या साखरेचा डबा उघडला. महिना अर्धाही झाला नव्हता, आणि डब्याचा तळ दिसत होता. पाहुणे आले नव्हते. माझी कॉफी कडू. मी त्यांच्या खोलीत गेले. खाटेच्या पायापासून मुंग्यांची रांग निघालेली, शिस्तीत, आमच्या दुकानाबाहेरच्या रांगेपेक्षा सरळ. रांगेच्या शेवटी खाटेखाली कप होता, तळाशी साखरेचा पाक. आणि एवढ्या उकाड्यात भावोजींनी दुखऱ्या पायाला लोकरीची शाल गुंडाळलेली, तिच्यावर आणखी ओला पंचा. तसाच, जसा ते कणकेवर टाकतात.

मी यानिस्लेयला बोलावून आणलं आणि तिच्यादेखत शाल ओढली.

"भावोजी, हे काय? पाय फुगवायला ठेवलाय?"

"मग काय!" ते उसळले. "तुम्हा दोघींना यीस्टमधलं काय कळतं? त्याला ऊब लागते, गोड लागतं. उपाशी, गारठलेलं यीस्ट काम करील? तू दिवसाआड त्यांना आत सोडतेस आणि वर मला साखर तोडायला सांगतेस. बिचारी उपाशी मरतात म्हणून जखम अडलीय. मी नुसतं औषध म्हणून घेतो, तेही नाक दाबून. चवीनं खाल्लं असेल तर शपथ!"

यानिस्लेय आधी हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती चिडली, सगळं एका दमात.

"काका, त्या कुपीत यीस्ट नाहीच!"

"तूच म्हणालीस."

"यीस्ट बनवतं म्हणाले. ते तिकडे, प्रयोगशाळेत, मोठ्या पोलादी टाक्यांत."

"तिथे त्याला गोड घालतात ना?"

"घालतात. टाकीत घालतात. तुमच्यात नाही! त्यानं पदार्थ बनवला की तो वेगळा काढतात, गाळून गाळून शुद्ध करतात. यीस्ट तिथेच संपतं. कुपीत येतं ते फक्त त्याचं काम."

भावोजी पायाकडे पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "म्हणजे भट्टीत घातल्यावर मरतं, तसं."

"तसंच. तुम्ही टोचून घेता तो भाजलेला पाव आहे, कणीक नाही."

"आणि भाजलेल्या पावाला मी साखर चारत बसलो!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पोरी, हे माझ्या बेकरीत सांगू नकोस. पाय गेला तरी चालेल, पण तिथे नको."

"अर्धी चूक माझी," ती म्हणाली. "भाऊबंद म्हणायला नको होतं."

साखरेचा डबा त्याच संध्याकाळी माझ्या खाटेखाली आला. रोज सकाळी मी त्यांचं बोट टोचून साखर तपासायची, ते रोज मला हवालदार म्हणायचे.

सोमवारी सर्जन आले. जखम अजून चांगली म्हणण्यासारखी नव्हती, पण रक्तातली साखर उतरू लागली होती. यानिस्लेय त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिनं काय घडलं ते सगळं सांगितलं, शाल आणि पाकासकट. सर्जन खूप वेळ तोंडावर हात धरून होते. हसत होते, की पेच पडला होता, मला कळलं नाही. शेवटी म्हणाले, "थांबू. पण पुन्हा गोड दिसलं तर मी करवत घेऊनच येईन, बेकरमास्तर."

डाळिंबाचे दाणे परत आले. खड्डा वर येत गेला, कडांनी एकमेकींना गाठलं, आणि एका सकाळी तिथे फक्त गुलाबी, सुरकुतलेली कातडी होती.

डिसेंबरात सान लासारोच्या दिवशी आम्ही एल रिंकोनच्या देवळाकडे निघालो. जखमी पायांचा हा संत. नवस फेडणारे रस्त्यावर गुडघ्यांनी सरकत होते, कोणी दगड ओढत होतं. भावोजी आपल्या दोन्ही पायांनी, नव्या बुटांत, हळूहळू चालत होते. वाटेत पायाला फडकं गुंडाळून बसलेला एक माणूस दिसला तसे ते थांबले, त्याच्या शेजारी बसले आणि बूट काढला.

"संतानं केलं?" त्या माणसानं पायाकडे टक लावून विचारलं.

"संतानं ओळख करून दिली. काम यीस्टनं केलं. आपल्या यीस्टनं, आपल्या पोरांनी टाकीत वाढवलेल्या! उद्याच डॉक्टरकडे जा. साखरेला मात्र शिवू नकोस, काही मूर्ख शिवतात." मग माझ्याकडे एक डोळा ठेवून, आवाज चढवून, "ते शास्त्रज्ञ ऊब किती ठेवायची हे मलाच विचारून गेले होते."

एरवी मी अर्धं वजा केलं असतं. पण पाय पुरा होता.