कांडी आणि दोन रेघा

ग्राइंडिंग मशीनभोवती सकाळच्या पाळीतले सगळे जण जमले होते. पॅकिंगमधल्या बायका स्टुलांवर चढून बघत होत्या. एरवी जरा उशीर झाला तर माणसाला फाटकाबाहेर उभं करणारे मोठे साहेब बूट काढून मोज्यांवर उभे होते. मधोमध कांडीबाबा. अंगात इस्त्रीचा पांढरा कोट, हातात तांब्याची कांडी. त्यांनी मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीवर वाकून वास घेतला, डोळे मिटले आणि कांडी मशीनच्या चाकाला टेकवली.

“लहर उलटी फिरतेय,” बाबा म्हणाले. “लोखंडालाही मन असतं. त्या मनावर कुणाची तरी सावली पडलीय.”

कांडी थरथरत फिरली आणि माझ्या थोरल्या जावेसमोर, ताईसमोर, येऊन थांबली. पोलादी पिना घासून काढणारं ते मशीन तीच चालवायची.

दुसऱ्या दिवशी खराब पिना आदल्या दिवसाच्या निम्म्यावर आल्या. साहेबांनी बाबांच्या पायाशी वाकून नमस्कार केला. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर इंजिनिअरिंगची पदवी चौकटीत लावलेली आहे. मला तेव्हा जी किळस आली, ती बाबांची कमी आणि त्या चौकटीची जास्त होती.

मी त्याच कारखान्यात माल तपासणीची इंजिनिअर. रिजेक्शन वाढलं, म्हणजे खराब माल जास्त निघाला, की बाबांना बोलवायचं आणि बाबा येऊन गेले की रिजेक्शन उतरायचं, हे मी आल्यापासून बघत होते. आत्तापर्यंत नाक मुरडून गप्प बसले होते. पण आता ताईला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं होतं. कॅन्टीनमध्ये ती बसली की शेजारची बाई आपला डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायची. तिने भरलेल्या खोक्यांना हात लावायलाही लोक कचरत होते. वर्षानुवर्षं हिच्याबरोबर चहा प्यायलेली ही माणसं.

एका संध्याकाळी आम्ही दोघी घरी भाजी चिरत होतो, तेव्हा ताई मध्येच थांबली.

“खरं सांग,” ती म्हणाली, “माझ्यातच काही वाईट असेल का गं? मी निघाले आणि मशीन सुधारलंच ना?”

विळी बाजूला सारून मी उठले. लबाड माणसाची चीड येते, पण त्याचं खोटं आपल्या घरातल्या धडधाकट बाईच्या डोक्यात घर करून बसलेलं पाहिलं की नुसतं चिडून भागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मशीनशेजारच्या भिंतीवर मोठा फळा लावून घेतला. तपासणीच्या नोंदींवरून मागच्या काही महिन्यांत रोज किती पिना खराब निघाल्या, त्याचा एकेक ठिपका मांडला. मधून सरासरीची रेघ ओढली. ठिपके रोज किती वरखाली होतात त्यावरून हिशेब करून वर एक आणि खाली एक अशा मर्यादेच्या दोन रेघा आखल्या. ज्या ज्या दिवशी बाबांना बोलावलं होतं, त्या त्या दिवसाच्या ठिपक्याभोवती लाल खडूने गोल केला. साहेब आणि फोरमन बघायला आले.

“मशीन तेच, माणूस तोच, तरी रोज सारख्याच पिना खराब निघत नाहीत,” मी म्हटलं. “कधी थोड्या जास्त, कधी कमी. हे चढउतार या दोन रेघांच्या आत असले तर तो मशीनचा रोजचा स्वभाव. ठिपका रेघेबाहेर गेला, तर मात्र काहीतरी वेगळं घडलंय. ते शोधायचं.”

“हा एक बाहेर गेलाय की,” फोरमन म्हणाला.

“त्या दिवशी कूलंटची नळी तुंबली होती. फिटरने ती मोकळी केली, बाबांची आठवणही कुणाला झाली नाही. बाकी सगळे ठिपके आत आहेत. ताईला काढलं त्या दिवसाचाही. आता लाल गोल बघा. प्रत्येक वेळी ठिपका वर चढलाय तेव्हाच बाबा आलेत. जास्त दिवस सरासरीच्या आसपासचेच असतात, म्हणून एवढा वर गेलेला ठिपका दुसऱ्या दिवशी बहुतेक खालीच येणार. बाबा आले काय, न आले काय.”

“अहो मॅडम, बाबा येतात म्हणूनच तर उतरतो ना,” फोरमन म्हणाला. साहेबांनी मान डोलावली.

“मग एकदा मी सांगेन त्या दिवशी त्यांना बोलवा. बाबा येऊनही दुसऱ्या दिवशी खराब पिना वाढतील. मी चुकले तर मीही पॅकिंगला जाऊन बसते. बरोबर ठरले तर ताई मशीनवर परत. त्या दिवशीचा ठिपका मात्र बाबांचं काम झाल्यावरच दाखवीन.”

साहेब कबूल झाले. माझी फजिती पाहायची त्यांना घाई होती.

मी वाट पाहत राहिले. एका संध्याकाळी मोजणी झाली आणि फळ्यावरचा सगळ्यात खालचा ठिपका पडला. एवढा चांगला दिवस मशीनने पाहिला नव्हता. मी ठिपक्यावर कागद चिकटवला आणि बाबांना फोन लावला. “बाबा, मशीनने फार छळ मांडलाय हो. सकाळी याच.”

सकाळी पुन्हा तीच गर्दी, साहेबांचे तेच मोजे. बाबांनी टाकीचा वास घेतला आणि दचकून मागे सरले.

“अरे अरे! इतकी काळी लहर मी आजवर पाहिली नाही. काल इथे अनर्थ झालाय.” कांडी गरगरली आणि फोरमनच्या मेहुण्यासमोर थांबली. ताईच्या जागी आता तोच मशीन चालवत होता. “या सावलीला दूर करा. लहर मी सरळ केलीय. उद्या बघा, माल कसा चोख उतरतो ते.”

“काय बोलताय बाबा?” फोरमन पुढे झाला. “पोरगा मान मोडून काम करतोय.” ताईच्या वेळी याच फोरमनने सगळ्यात आधी मान हलवली होती.

मी फळ्यावरचा कागद काढला.

खाली कालचा ठिपका होता, फळ्यावरचा सगळ्यात खालचा. मागून कुणीतरी हसलं. बाबा म्हणाले, “तुमची श्रद्धा कमी पडली की कांडी गोंधळते,” आणि कांडी कोटात घालून फाटकाकडे निघाले. साहेब बूट शोधू लागले.

दुसऱ्या दिवशीचा ठिपका चढून सरासरीच्या रेघेपाशी आला. मेहुणा मशीनवरच होता, लहर सरळ केलेली होती, आणि खराब पिना वाढल्या होत्या. सगळ्यात खाली गेलेला ठिपका बहुतेक वरच येणार, एवढीच त्यातली जादू. बाबांच्या हाती कसलीच शक्ती नव्हती. फक्त बोलावणं नेहमी सोयीच्या दिवशी यायचं. ताप उतरायला आला की अंगारा लावणारेही हेच करतात, आणि श्रेय घेऊन जातात. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा, की तो झाला नसता तर काय झालं असतं. आणि त्यासाठी कुणा माणसाचा बळी मागितला, तर विचारायलाही थांबू नका, आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा.

ताई मशीनवर परतली. तिची माफी कुणी मागितली नाही. डबा उचलून नेणारी बाई काही झालंच नाही अशा थाटात तिच्याकडे लोणचं मागायला आली. ताईने दिलं. मी दिलं नसतं.

पुढे एकदा ठिपका बराच वर गेला. पाळीतली माणसं कुजबुजायला लागली, फोरमनची नजर फाटकाकडे वळली. ताईने हात पुसले, फळ्यापाशी गेली आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलं.

“आत आहे,” ती म्हणाली. “चला, कामाला लागा.”