उजवं वळण

मोठा भाऊ गेला तेव्हा त्याची जुनी मोटारसायकल वायरमनच्या वाट्याला आली. वाट्याला आली म्हणजे काय, जिन्याखाली होती तिथंच राहिली. किल्ली तेवढी वहिनींनी खाली आणून दिली. त्या वर एकट्या, हा खाली एकटा. भांडण नव्हतं. बोलायला निमित्त नव्हतं, इतकंच.

निवृत्त माणसाला वेळच वेळ. त्यानं प्लग बदलला, पॉइंट घासून त्यांची फट नीट लावली, कंडेन्सर नवा बसवला. गाडी उभ्या जागी झकास चालायची आणि रस्त्यावर नेली की वळणावर गपकन बंद पडायची. तिसऱ्यांदा ढकलत आणताना त्याच्या लक्षात आलं, दर वेळी वळण उजवंच होतं.

ठिणगी पाडणाऱ्या कॉइलपर्यंत वीज पोचते का बघायला त्यानं तिला बल्बची वायर टेकवली. हँडल सरळ असताना बल्ब पेटला. उजवीकडे नेलं की विझला. म्हणजे किल्लीच्या स्विचकडून येणारी वायर कुठंतरी आतून तुटली होती. पण एक हात बल्बला, दुसरा टाकीखाली चाचपायला. हँडल वळवायला तिसरा कुठून आणायचा? बराच वेळ तो गुडघ्यानं हँडल रेटत बसला. शेवटी जिना चढून गेला.

वहिनी ओल्या हातांनीच खाली आल्या.

"कुठं धरू?"

"दोन्ही मुठी धरा. हळूहळू उजवीकडे... अजून थोडं..."

बल्ब विझला. टाकीखाली, हँडलच्या मानेपाशी त्यानं वायर चिमटीत दाबली. बल्ब पेटला.

"सापडली!"

वरचं रबर शाबूत होतं, आत तांब्याचा नुसता भुगा.

"हे कधी उजवीकडे वळायचेच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी अख्ख्या वस्तीला वळसा. मी म्हणायचे, काय हट्टी माणूस आहे!"

वायरमनला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"जन्मभर वायरमनकी केली मी. इथं खालीच तर राहत होतो. मला एका शब्दानं बोलला नाही."

"मला तरी कुठं बोलले?"

त्यानं नवी वायर टाकली. दुसऱ्या किकला इंजिन धडधडलं. वहिनी कठड्यावर हात ठेवून ऐकत राहिल्या.

"आता विकणार का, भावजी?"

"छे."

"मग मधूनमधून सुरू करत जा. वर ऐकू येतं."

त्या वर गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. त्याला कुठंच जायचं नव्हतं, तरी त्यानं गाडी बराच वेळ तशीच चालू ठेवली.